आईंचे कापसाचे बूट

"हे बूट आहेत का कापूस?" आई म्हणाल्या, आणि हातातला बूट त्यांनी कोथिंबिरीची जुडी पारखावी तसा वरखाली केला.

"बूटच आहेत. पाय द्या."

"फाटतील चार दिवसांत. बुटाला कसं वजन पाहिजे. तुझ्या सासऱ्यांचे होते, दारात काढून ठेवले तरी घर दणाणायचं."

"म्हणूनच ते दारातच राहिले. पाय द्या, आई."

पाय काही पुढे येईना. माझ्या सासूबाई, गिरजाबाई गांगुर्डे, आमच्याच दुकानातल्या स्टुलावर लग्नघरी आलेल्या परक्या बाईसारख्या अवघडून बसल्या होत्या. नाशिकला आमचं डोंगरात हिंडणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे. तंबू, दोर, पाठपिशव्या नवरा बघतो, बूट मी बघते. आता इतकी वर्षं झालीत की मी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी पाय. कोण टाच घासत चालतो, कोणाचा अंगठा आखडलाय, हे मला दारातूनच कळतं. पण सासूचा पाय हातात घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"सुनेनं पायाला हात लावायचा तो नमस्काराला," त्या पुटपुटल्या.

"मग नमस्कारच समजा," म्हणून मी पाय ओढलाच.

संध्याकाळची वेळ मी मुद्दामच निवडली होती. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, तेव्हाच माप घ्यावं, नाहीतर सकाळी बसलेला बूट दुपारी चावायला लागतो. एरवी मी गिऱ्हाइकाला विचारते, कुठं टोचतं का, आवळतं का. आईंना विचारून उपयोग नव्हता. साखरेनं त्यांच्या तळव्यांची जाणीव निम्मी-अर्धी नेली होती. आदल्या हिवाळ्यात अंगणातला काटा डाव्या तळव्यात मोडला, तो त्यांना कळलाच नाही. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा आम्हाला कळलं. ती जखम भरायला होळी उजाडली. डॉक्टर तर अंगठा काढायच्या गोष्टी बोलत होते. शेवटी ताकीद देऊन सोडलं: यापुढं घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, पुन्हा जखम झाली तर मी पाय वाचवीन असं सांगत नाही.

म्हणून मी सगळं डोळ्यांनी तपासत होते. बुटातली गादी बाहेर काढली, तिच्यावर त्यांना उभं केलं, बोटं कडेवर येत नाहीत ना ते बघितलं. पुढं अंगठ्याएवढी जागा सोडली. बूट पुढून रुंद, वरून जाळीचा, आतून कुठं शिवण नाही. जड बूट असला की दमलेला माणूस पाय उचलत नाही, ओढतो, आणि तिथंच ठेचकाळतो. आईंना पाय कुठं पडला हे पुरतं कळत नव्हतं, त्यांनी तर पाय उचलायलाच हवा होता. म्हणून दुकानातला सगळ्यात हलका जोड मी काढला होता. रंग तेवढा नारिंगी होता, त्याला माझा इलाज नव्हता.

"टाच मागं टेकवा," मी नेहमीचं वाक्य म्हटलं. "नाडी अशी वरच्या भोकातून मागं घ्यायची, मग आवळायची. म्हणजे उतरताना पाय पुढं सरकत नाही. हं. बोटं हलतात का?"

आईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बुटाकडे. "हलतात."

"चालून बघा."

दुकानभर एक फेरी मारून त्या आल्या. "पायात काही घातलंय असं वाटतच नाही," त्या म्हणाल्या. मी खूश झाले. या बुटांची यापेक्षा मोठी तारीफ कोणी केली नव्हती. त्या मात्र हसल्या नाहीत.

हे सगळं चाललं होतं एका नवसापायी. दिंडोरीच्या पलीकडे धोंडाईचा डोंगर आहे. गड नाही, किल्ला नाही, ट्रेकवाले तिकडं फिरकत नाहीत. पायथ्याशी शेंदूर फासलेली एक शिळा आहे. ज्याचा नवस असेल त्यानं तिथून वर अनवाणी जायचं. आईंनी सहा वर्षांपूर्वी काहीतरी नवस बोलला होता आणि तो फेडायचा राहून गेला होता. त्याच वर्षी सासरे आजारी पडले, मग गेले. मग आईंची साखर निघाली, मग ती जखम. नवस काय होता, कोणासाठी होता, ते त्या सांगेनात. त्यांच्या माहेरचा रिवाज असा की फेडल्याशिवाय नवस बोलून दाखवायचा नाही, नाहीतर तो उतरतो. दिगंबर, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, "दुकानासाठी असेल. तेव्हा आपण नवीनच टाकलं होतं." मलाही तेच खरं वाटायचं. आईंचा लेकावर जीव. माझ्याबाबतीत त्यांचं एकच पालुपद होतं, "घरची सून डोंगर चढत हिंडते, लोक काय म्हणतील."

त्या वर्षी मात्र त्यांनी धोशाच लावला. माझ्या उजव्या मांडीत तेव्हा सळई होती. लग्नानंतर दोन वर्षांनी स्कूटरला टेंपोनं उडवलं होतं, त्यावेळची. त्या पावसाळ्यात ती दुखायला लागली आणि डॉक्टरांनी ती काढून टाकू म्हणून सांगितलं. ऑपरेशनचं नाव निघालं आणि आई त्याच संध्याकाळी म्हणाल्या, "मला आधी धोंडाईला जायचंय."

बरीच ओढाताण होऊन शेवटी ठरलं, की आईंनी बूट घालून जायचं, मी सोबत. दिवाळीनंतरचा मंगळवार ठरला.

जीपनं डोंगराखालच्या वाडीत उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. आईंनी नऊवारी नेसली होती, काष्टा घट्ट, खाली पांढरे मोजे आणि नारिंगी बूट. पांढरे मोजे माझ्या आग्रहाखातर. रक्त आलं तर दिसावं म्हणून. वाडीतल्या एका बाईनं बुटांकडे बघून तोंडाला पदर लावला.

"हस, हस," आई तिला म्हणाल्या. "सून दुकानदारीण असली की सासूचा असा शिमगा होतो."

शिळेपर्यंत त्या मस्त चालल्या. गवत कमरेएवढं, पिवळं पडलेलं, कुसळं नुसती साडीला झोंबत होती. शिळेपाशी आल्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिलं, बाजूच्या दगडावर बसल्या, आणि सरळ नाडी सोडायला लागल्या.

"आई, असं ठरलं नव्हतं."

"तुझं आन् दिगूचं ठरलं होतं. मला कोणी विचारलं?"

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"डाक्टरनं नवस बोलला होता का? मी बोलले होते." दुसरा बूट निघाला. मोजे निघाले. "हेमा, तू मला अडवू नको. अर्धवट नवस लई वाईट. ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर उलटतो. मला रात्रीची झोप नाही."

"पाय गेला तर?"

"माझा जाईल ना? जाऊ दे. त्याचं तर वाचंल."

मी चिडले. मला राग लवकर येतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. देवी कोणाचे पाय मागत नसते, असं काहीबाही मी बोलले. आईंनी काष्टा खोचला आणि चालायला लागल्या. बूट माझ्या हातात राहिले.

वाट करवंदीतून वर जात होती. त्या पुढं, मी मागं. चालत कशा होत्या म्हणता, ताठ मान, मनात नाव घेत, एकदाही हाय नाही की हुय नाही. मला क्षणभर वाटलं, मीच उगाच बाऊ केला की काय. मग वाटेवरच्या एका सपाट दगडावर त्यांचा डावा पाय पडला आणि उचलला, तेव्हा दगडावर लाल ठिपका राहिला.

"थांबा!"

"आता काय?"

"बसा खाली. बसा म्हणते ना."

पाय मांडीवर घेतला. बोरीचा काटा होता, चांगला रुतलेला, जुन्या जखमेच्या शेजारीच. दोन बोटांनी धरून मी तो खसकन उपटला. आईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या समोरच्या डोंगराकडे बघत होत्या.

"दुखलं?" मी विचारलं.

"काय?"

मी काटा त्यांच्या समोर धरला. टोकाला रक्त होतं. त्यांनी काटा पाहिला, मग तळवा पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझा राग कुठं ठेवावा कळेना.

"हा माझ्या पायात होता?"

"हो."

"मला कळलंच नाही गं." त्या कितीतरी वेळ काट्याकडे बघत राहिल्या. "मग मी अनवाणी चालले काय आन् नाही काय. बूट घातला तेव्हाबी पायात काही नव्हतं, काढला तेव्हाबी काही नाही. लोक काटे तुडवत जातात, ते तिला पोचतं. माझं काय पोचणार? मला टोचतच नाही, तर मी तिला दिलं काय?"

आणि सासरे गेले तेव्हा न रडलेली ही बाई पदर तोंडात धरून रडायला लागली.

मी पिशवीतून औषध काढलं, जखम धुतली, पट्टी केली. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पट्टी झाल्यावर मी त्यांचे मोजे चढवले, बुटात हात घालून खडा नाही ना ते बघितलं, बूट घातले, नाड्या बांधल्या. मग खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"हे काय करू राहिली तू?"

"तुमच्या पायांना कळत नाही, माझ्यांना कळतं. मी चालते अनवाणी. घरातलं कोणीतरी चाललं म्हणजे झालं ना?"

"तू नको!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की झाडीतून होले उडाले. "दिगूला आणू पुढच्या मंगळवारी. तू नको, हेमा. तुझ्या पायात सळई आहे."

"सळई मांडीत आहे, तळव्यात नाही. आणि दिगूला? तो बाथरूममध्ये सुद्धा चप्पल घालून जातो."

"तुला माहीत नाही..."

"मग सांगा."

त्यांनी मान हलवली. सांगायचं नव्हतंच ना. मी माझे बूट एकमेकांना बांधून पिशवीला लटकवले आणि उभी राहिले. पहिल्याच पावलाला एक खडा असा लागला की तोंडातून "आई गं!" निघालं.

आईंनी झटकन वर शिखराकडे हात जोडले. "पोचलं का गं माय?"

त्यानंतर वर जाईपर्यंत हेच. डोंगरात मी पंधरा वर्षं हिंडत होते, पण पायाखालची जमीन मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटली. कुसळं बोटांच्या बेचक्यांत घुसायची. मुरूम तळव्याला भाजायला लागला. मी कळवळले की आई थांबायच्या, हात जोडायच्या आणि काळजीनं विचारायच्या, "मोठा होता का बारीक?"

"मोठा!"

"बरं झालं." मग लगेच, "जास्त नाही ना लागलं?"

मला हसावं की रडावं कळेना. पण एक बघत होते. आईंचा पाय उचलला जात होता. साठी उलटलेली, साखरेची बाई, पण वाट चढत होती ती चढणीला सरावलेल्या माणसासारखी. एक पाऊल टाकायचं, त्याच्याकडे बघायचं, मग दुसरं.

शेवटी कातळ आला. उतरता, काळा, आणि मधून पाण्याचा पाझर, त्यावर शेवाळ. एरवी मी तो बोलता बोलता पार केला असता. अनवाणी पायानं मी दोन पावलं गेले आणि घसरले. हात टेकला म्हणून वाचले, पण मांडीत अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"हलू नको," आई म्हणाल्या. त्या माझ्या वर पोचल्या होत्या. त्यांनी बूट कातळावर आडवे रोवले, एकदा वजन टाकून बघितलं, पुन्हा बघितलं. "सोडत नाही गं हा. कापूस म्हणले होते, पण पालीसारखा धरून बसलाय. हात दे."

"तुम्ही पडाल, आई."

"दे म्हणते ना."

मी हात दिला. त्यांनी मला ओढून घेतलं. पाझर संपेपर्यंत हात सोडला नाही, आणि मीही तो सोडवून घेतला नाही.

धोंडाईचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि पत्रा. आत देवीचा तांदळा, नुसती शेंदरी शिळा, डोळे तेवढे चांदीचे. ओट्यावर गुरवीण तांदूळ निवडत बसली होती, कमरेत वाकलेली, जर्मनची परात पुढ्यात. आईंनी बूट काढले, मी माझे लाल झालेले पाय घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले. आईंनी नारळ पुढं केला.

"नवसाचा का?" गुरवीण म्हणाली. "कोणाच्या नावानं? फोडण्याआधी नाव सांगावं लागतं."

मी मनात म्हटलं, दिगंबर गांगुर्डे.

"हेमलता दिगंबर गांगुर्डे," आई म्हणाल्या.

मला वाटलं, चालून आले म्हणून माझं नाव सांगितलं. "आई, नवस ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव विचारतायत त्या."

"तेच सांगितलं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, देवीकडे बघत होत्या. "तू दवाखान्यात होती तेव्हा. ऑपरेशन झालं आन् डाक्टर म्हणले, बोटं हलली पाहिजेत, नाही हलली तर पाय कामाचा नाही. मी रोज येऊन पांघरूण उचलून बघायचे. तू गुंगीत. बोटं हलतात का, बोटं हलतात का, दुसरं काही विचारलं नाही मी तुला. नाही हलली. चार दिवस नाही हलली. मग बाहेर बाकड्यावर बसून बोलले. म्हणलं, पोरीला डोंगर लई आवडतो, मी तिला लई बोलले त्यावरून. तिला तिच्या पायांनी डोंगर चढव, माझ्या पायांनी मी तुझ्याकडं येईन, अनवाणी." त्यांनी नाक पुसलं. "दुसऱ्या दिवशी अंगठा हलला."

मला ते पांघरूण आठवलं. दवाखान्याचं हिरवं पांघरूण, पायापाशी गार वारा, आणि कुठूनतरी लांबून येणारा तोच एक प्रश्न. मला वाटायचं, ती नर्स होती.

गुरविणीनं एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा ओट्याखालच्या नारिंगी बुटांकडे. "मग अनवाणी आलं कोण?"

"ही," आई ओशाळून म्हणाल्या. "माझ्या पायाला कळत नाही. मी बूट घालून आले. चालंल का गं बाई? का परत येऊ?"

"जिच्यासाठी बोलली ती स्वतःच्या पायांनी डोंगर चढून आली," गुरवीण म्हणाली. "अजून काय दाखवायचं राहिलं? फोड नारळ."

आईंनी नारळ एका फटक्यात फोडला.

सळई निघाली, पाय बरा झाला, मी अजून डोंगरात जाते. आईंनी ते बूट पुढं तळ गुळगुळीत होईस्तोवर वापरले. भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, भजनी मंडळात. कोणी हसलं तर वर करून दाखवायच्या, "उचलून बघ, कापूस आहे." मग मी दुसरा जोड दिला, मग तिसरा. त्या गेल्या तेव्हा दहाच्या दहा बोटं घेऊन गेल्या. मला आई लहानपणापासूनच नव्हती, माझ्यासाठी कोणी देवापुढं काही मागितलं असेल असं मी कधी धरूनच चालले नव्हते. ते ऋण मी मानते, आणि फेडायच्या भानगडीत पडत नाही. ते अंगावर असलेलंच बरं वाटतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी नारळाचा प्रसाद खाऊन मी ओट्याच्या कडेला बसले आणि पिशवीचे बूट सोडवायला लागले, तर ते आईंनी काढून घेतले. त्या माझ्यासमोर खाली बसल्या, पदराच्या टोकानं माझ्या तळव्यावरची माती पुसली आणि एकेक कुसळ उपसायला लागल्या.

"आई, नको." मी पाय मागं घेतला. "सासू सुनेच्या पायाला हात लावते का? बघतील लोक."

"मग नमस्कारच समज," त्या म्हणाल्या, आणि पाय ओढला.

मोजा चढवला. बुटात हात घालून चाचपून पाहिलं, खडा नाही ना. बूट घातला. दुकानात शिकवली होती तशीच नाडी वरच्या भोकातून मागं घेतली, अडखळत, जीभ दातांत धरून.

"टाच मागं टेकव," त्या म्हणाल्या. मी टेकवली. त्यांनी गाठ आवळली, बुटाच्या पुढच्या टोकावर हात ठेवला आणि मान वर केली.

"बोटं हलतात का?"

"हलतात, आई."

त्यांनी हात तसाच ठेवला. "हलव बरं पुन्हा," त्या म्हणाल्या.